मोक काकांची सही

मोक गाम-तोंग यांनी हाँगकाँगमध्ये चौतीस वर्षं दुमजली बस चालवली. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना जिल्ह्याच्या अग्निसुरक्षा समितीवर नेमलं. जिन्यातली अडगळ हलवायला लावायची, एवढंच काम. पण त्यांना त्याचा अभिमान होता.

मग बीजिंगने निवडणुकीची घडीच बदलली. जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर अशा नेमलेल्या समित्यांतल्या लोकांच्या सह्या आणायच्या. म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या सहीला एकाएकी वजन आलं.

यिप वाय-लान लोकशाहीवादी गटाकडून आधी दोनदा परिषदेवर निवडून आली होती. मोकांच्या बायकोला, आ-फाँगला, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा लिफ्ट बंद होती. वाय-लानने आणखी तिघांना हाताशी धरून तिला खुर्चीसकट चौदा मजले खाली उतरवलं होतं. त्यामुळे सहीसाठी तिचा फोन आला तेव्हा मोक म्हणाले, "विचारतेस काय? शनिवारी ये, करतो."

शुक्रवारी समितीची बैठक झाली. चहाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "यिपला अजून एकाचीही सही मिळाली नाही म्हणे." सगळे आपापल्या कपात बघत राहिले. मोकांना मुलाची सरकारी नोकरी आठवली.

शनिवारी दुपारी घंटी वाजली. मोक रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐकत होते. ते जागचे हलले नाहीत.

"अहो, दार उघडा की," आ-फाँग म्हणाली.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा घंटी वाजली. मोकांनी हात लांब करून रेडिओ बंद केला, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आपण आत आहोत हे आपणच सांगून टाकलं.

 बाहेरून वाय-लान म्हणाली, "राहू द्या काका. मावशींना सांगा, मी येऊन गेले."

पावलं लिफ्टकडे गेली. आ-फाँगने त्यांच्याकडे पाहिलं आणि धड असलेल्या हाताने आपली खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

वाय-लानला एकही सही मिळाली नाही. अर्ज भरायची मुदत संपल्यावर मोकांनी समितीच्या चिटणीसाला गाठून हळूच विचारलं, "यिपला सही देऊ नका, असं वरून सांगितलं होतं ना?"

"छे हो! कुणीच काही सांगितलं नव्हतं," चिटणीस म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

 कुणी दम दिला असता तर मोकांना निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

महिन्याभराने बाजारात वाय-लान समोर आली. मोक मासळीवालीच्या आडोशाला सरकले, पण तिने पाहिलंच.

"काका, मावशींचा हात कसा आहे?"

"बरा आहे," ते म्हणाले. माफी ओठांवर आली होती. पण आजूबाजूला चार लोक होते, आणि मोकांनी आधी त्या चार लोकांकडे पाहिलं. तोवर ती पुढे निघून गेली होती.