पोट उघडलंच आहे तर

आमच्या वॉर्डात कुणी भेटायला आलं की बाळाचं तोंड बघायच्या आधी प्रश्न यायचा, "नॉर्मल की सीझर?" बहुतेक खाटांवर उत्तर एकच होतं, कारणं तेवढी वेगळी. कुणाचं पाणी कमी, कुणाच्या बाळाच्या गळ्याभोवती नाळ, कुणी कळांच्या भीतीनं स्वतःच मागून घेतलेलं. शेजारच्या खाटेवरची चौक गावची बाई म्हणाली, "बाल आडवा हाय म्हनले. दुसरा इलाज न्हाय." माझं कारण सगळ्यात सोपं होतं. पहिलं सीझर, म्हणून दुसरंही सीझर. मुलीच्या वेळी कळा सोसून सोसून थकले, शेवटी तिनं पोटातच शी केली आणि मला धावतपळत आत नेलं. या वेळी घाई नव्हती. तारीख ठरलेली होती, बॅग भरलेली होती.

आणखीही एक गोष्ट ठरलेली होती. दोन मुलं पुरे, मग पोट उघडलंच आहे तर मूल बंद करायचं ऑपरेशनही त्यातच उरकून घ्यायचं. किती तरी जणी तसं करतात. मीरा रोडला नोकरी, भाईंदर पूर्वेला एवढंसं घर. तिसऱ्याचा विचार करायला आम्हाला वेड लागलं नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "हे नंतरही करता येतं. नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की. परत कोण झोपतंय या टेबलावर?" त्या हसल्या. बाळ रडलं, मुलगा आहे, वजन छान आहे असं कळलं, आणि मग त्यांनी पुढचं काम केलं. कुणाचीच चूक नव्हती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्या वाक्याचाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी तो निळसर पडला. हृदयात जन्मापासूनच दोष होता, तो सोनोग्राफीत दिसला नव्हता. काचेच्या पेटीपर्यंत मी टाक्यांवर हात दाबून चालत गेले. पुन्हा बोलावलं ते त्याला मांडीवर द्यायला, पण तोवर तो गेला होता.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. समोरच्या फ्लॅटमधली बाई म्हणाली, "रो मत, अभी उमर ही क्या है, दूसरा हो जाएगा." ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, वर्षभर थांब, मग बघ. जणू काचेचा ग्लास फुटला होता. मी मान हलवायची आणि मनात सगळ्यांना शिव्या घालायची.

सर्वांत कठीण होत्या आत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. बाळंतपणासाठी त्या परभणीहून आल्या होत्या. ऑपरेशनचं त्यांना सांगितलं नव्हतं. बाळ घरी आलं की सांगू, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. आता तर तो म्हणाला, "नको सांगूस. ती या आशेवरच उभी आहे." त्यात खोटं काही नव्हतं. आत्या रोज माझ्या पोटाला जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा बांधायच्या आणि म्हणायच्या, "हुईल माय, पुन्हा हुईल."

एका दुपारी पट्टा आवळताना त्या म्हणाल्या, "असं बांधलं की पोट जागेवर येतंय. पुढच्या बारीला बरं पडतंय."

माझा तोल सुटला. "पुढची बारी नाही, आत्या. कधीच नाही. त्याच दिवशी ऑपरेशन करून घेतलं मी. आता काहीच होणार नाही."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. मीही भांडायच्या तयारीनं बसले होते, उत्तरं जिभेवर होती. त्यांनी पट्ट्याची गाठ पुरी मारली, माझ्या पायाशी बसल्या. मग पदर तोंडाला लावून हळूच विचारलं, "कुणावर गेलं व्हतं गं लेकरू? मला लांबूनच दावलं त्यांनी."

तोवर हे मला एकानंही विचारलं नव्हतं.

"कपाळ ह्यांचं," मी म्हटलं. "नाक तुमचं. कानांवर बारीक लव होती." आणि आम्ही दोघी रडलो, पहिल्यांदाच फक्त त्याच्यासाठी.