पाहुण्यांच्या खोलीतलं वायफाय

कळंबच्या आमच्या घरात वायफाय आलं ते माझ्या नोकरीसाठी. मुंबईतल्या एका कंपनीसाठी मी घरबसल्या मालिकांची सबटायटल्स करायचे. फोनच्या नेटवर दिवस ढकलत होते. तेही फाटकापाशी उभं राहिलं तरच नीट मिळायचं. कनेक्शनसाठी हेलपाटे मी घातले, अर्जही माझ्याच नावानं गेला. पण वायर घेऊन माणूस आला त्या दिवशी मी वर कामात होते आणि त्यानं राउटर कुठं लावू हे विचारलं माझ्या दिराला. दिरानं तो खाली, मागच्या बाजूच्या खोलीत लावला. ती खोली आम्ही शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देतो.

मी खाली येईपर्यंत भिंतीला भोक पडलं होतं. माझी खोली वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. मध्ये जाड भिंती. मी म्हटलं, भाऊजी, हे वर जिन्याशी हवं होतं. ते म्हणाले, पाहुणे आधी वायफायच विचारतात. सासूबाईंनी मान डोलावली. नवरा रसायनीच्या कारखान्यातून आल्यावर त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "येतंय ना वर थोडं? मग झालं." त्या 'झालं'चा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

थोडं येत होतं, हे खरं. सोमवार ते शुक्रवार कसंबसं भागायचं. मग कंपनीत आमच्या गटाची प्रमुख नेमायची ठरली आणि माझं नाव पुढं आलं. मुलाखत व्हिडिओवर, नेमकी शनिवारी. आदल्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला सांगितलं की दुपारी तेवढा वेळ पाहुण्यांना नेट देऊ नका. दीर हो म्हणाले.

मुलाखत चांगली चालली होती. तिसऱ्याच प्रश्नाला समोरच्या बाईंचा चेहरा अर्ध्या हसण्यात थिजला. मी बोलत राहिले. मग कळलं, कुणीच ऐकत नव्हतं. फोन घेऊन फाटकाकडं धावले, भर उन्हात उभी राहून पुन्हा जोडलं. रस्त्यावरून टेंपो जात होते. त्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, असू द्या, आम्ही कळवू. मला तेव्हाच कळलं.

तशीच मागच्या खोलीत गेले. पाहुणे पलंगावर लोळत टीव्हीवर सिनेमा बघत होते, शिवाय प्रत्येकाच्या हातात फोन. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, दिराच्या अक्षरात. मी कुणाशी न बोलता राउटर वायरींतून उपटला आणि वर घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि बघत बसले. नेटची वायर खालीच होती. तिच्याशिवाय ते नुसतं प्लॅस्टिकचं डबडं. स्वतःच्याच मूर्खपणाचा इतका संताप आला की रडूही येईना.

सासूबाई जिन्यात आल्या. "पावण्यांसमोर असं करतात का गं? आपली लाज गेली."

"माझी नोकरीतली बढती गेली," मी म्हटलं. "तिची लाज कुणाला हाय का?"

त्या खाली गेल्या. दीर म्हणाले, पाहुण्यांनी पासवर्ड मागितला तर नाही कसं म्हणणार. रात्री नवरा म्हणाला, दुसरी संधी येईल.

संधीची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती. उपटलेला राउटर खाली परत जोडला आणि पुढच्या आठवड्यात कर्जतला जाऊन दुसरा राउटर आणि लांब केबल आणली. खालच्या राउटरपासून खिडकीतून, जिन्याच्या कडेनं, क्लिपा ठोकत ती मीच वर नेली. हातोडा अंगठ्यावर बसला तरी कुणाला हाक मारली नाही. दुसरा राउटर माझ्या दाराशी लावला. मग जुन्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड केला, त्यांच्या वेगाला मर्यादा घातली. सेटिंग उघडायचा पासवर्ड कुणालाच सांगितला नाही. पाहुणे नेट हळू आहे म्हणून कुरकुरले, तेव्हा दीर वर आले. मी दार लावून घेतलं. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

ती जागा दुसरीला मिळाली. मी अजून तिच्याच हाताखाली काम करते.

दिवाळीत नेरळहून माझी आत्या आली होती. जिन्यातली वायर बघून तिनं विचारलं, तर नवरा कौतुकानं म्हणाला, "हे सगळं हिनं एकटीनं बसवलं. भारी हौस हाय हिला."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "हौस नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही कुणी मला विचारलं नाहीत, म्हणून बसवलं."

आत्या चहाकडं बघत राहिली. नवरा हसायला गेला आणि मध्येच थांबला. मी आत जाऊन फराळाची ताटं भरायला घेतली.