खाडीतला बांध

दुष्काळ सरून वर्षही झालं नव्हतं. सोलापुरात माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी एक मैत्रीण कोकणातली. मे महिन्याच्या सुट्टीत ती मला तिच्या गावी घेऊन गेली. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. आम्ही माढ्याकडचे, माळकरी; मासळी आमच्या दारात कधी आली नाही.

तिची आई म्हणाली, "चल बाय, तिसऱ्या काढायला."

ओहोटीला खाडीच्या चिखलात बोटांनी चाचपत तिनं एक तिसरी, म्हणजे शिंपली, वर काढली. रेघारेघांची, घट्ट मिटलेली. माझ्या तळहातावर ठेवली. आत जीव आहे, हे कळत होतं आणि पटत नव्हतं.

चिखल संपला तिथं मातीचा नवा बांध होता. खाडीचीच जमीन शेताला मिळावी, भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून घातलेला. पलीकडे मात्र जमीन तडकलेली आणि जिकडंतिकडं तिसऱ्या, सगळ्या उघड्या, रिकाम्या.

"खरी जागा ती होती," मैत्रिणीची आई म्हणाली. "माझी आईही तिथंच काढायची. आता इकडं थोड्याच मिळतात."

"मग बांध कुणी घातला?"

"माझाच मुलगा होता माती टाकायला. त्याला भात लावायचाय." ती हसली. मग म्हणाली, "तुमच्याकडेही बांध घालतात ना? तिथं काय मरतं?"

मला वडील आठवले. दुष्काळी कामावर त्यांनी तलावाच्या बांधाची माती वाहिली होती. पहिलं पाणी साठलं तेव्हा ते काठावर बसून रडले होते. त्या पाण्याखाली काय गेलं, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं.

"खारं पाणी आडवलं? लई बरं झालं की."

"पण तिसऱ्या मेल्या."

"त्या काय असत्यात?"

मी ओंजळ मिटून, उघडून दाखवली. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "मंग बांध नको व्हता का?"

"तसंबी न्हाय, दादा."

"मंग कसं?"

मी ओंजळ पुन्हा मिटली.

पुढं दोन पावसाळ्यांनी मैत्रिणीनं गावाहून पिशवीभर तांदूळ आणला. त्याच शेतातला, पावसानं खार धुऊन गेल्यावरच्या पहिल्या पिकाचा. तिची आई आता तिसऱ्यांसाठी होडीनं खाडीच्या तोंडापर्यंत जाते, असंही तिनं सांगितलं. त्याचा भात चांगला झाला होता. वडिलांनी पुन्हा मागून घेतला. मी वाढला, आणि माझ्या ताटातल्या भाताला हात न लावता त्यांच्यासमोर बसून राहिले.