बँजोपुढे टिकेल अशी गिटार

तालाच्या गिटारीकडे कुणी कान देऊन ऐकत नाही. नाचणारे फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, ऐकतात, बघे बँजोच्या बोटांकडे बघतात. पण वर्ला स्टॅम्पर एखाद्या शनिवारी आली नाही, की आमच्या डोंगरातले जन्मभर नाचलेले लोकसुद्धा एकमेकांच्या पायावर पाय देतात. वर्लाने शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म पोरांना जेवू घातलं आणि शनिवारी संध्याकाळी जुन्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये थोरल्या भावाच्या, डॉर्सीच्या, फिडलला ताल धरला. त्या दोघा भावंडांच्या मधल्या खुर्चीवर बँजो घेऊन मी बसतो. त्यामुळे ही हकिगत मला नुसती ठाऊक नाही. तीत मला ओढून नेलं होतं.

फेब्रुवारीत तिच्या मागच्या दाराच्या पायरीवर बर्फ धरला होता. कोंबड्यांना दाणे टाकायला निघालेली वर्ला घसरली ती थेट उजव्या खांद्यावर. ऑपरेशन झालं, खांदा सांधला, पण दंड पूर्वीसारखा उचलेना. तिची गिटार नवऱ्याच्या वेळची, पिंपासारख्या पोटाची. तिच्यावरून हात टाकून तारांपर्यंत पोचायचं म्हणजे ओठ चावायला लागायचा. एक शनिवार तिने तसाच रेटला. पुढच्या शनिवारी येऊन बघते तो डॉर्सीने तिच्यासाठी माइक उभा करून ठेवलेला. तू आता नुसती गा, म्हणाला, गिटारीवर वेड सुथर्ड बसेल, त्याला सांगून ठेवलंय. वेड बँकेत असतो, चाळिशीचा, हात चांगला आहे. डॉर्सीच्या पोटात पाप नव्हतं. त्याला बहिणीचा ओठ चावलेला बघवत नव्हता, इतकंच. पण तिला विचारायचं मात्र तो विसरला होता.

वर्ला गायली. छानच गायली. नंतर माझ्या ट्रकच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "रॉइस, सोमवारी बँजो घेऊन ये. मला गिटार घ्यायचीय."

"गिटार घ्यायला बँजो कशाला?"

"सून आणायची तर आधी सासूपुढे उभी करून बघावी. तू सासू."

आमच्याकडे गिटारी करणारे घरोघर नसले, तरी दर खिंडीत एखादा सापडतो. कुणी गॅरेजात बसतो, कुणी गोठ्यात. पाटी कुणाचीच नसते. कोण काय करतो हे ज्याला माहीत असायला हवं त्याला असतं. वर्ला पहिल्यांदा बर्ल टॉलिव्हरकडे गेली. लहान अंगाची गिटार दाखव म्हणाली. बर्लने एक काढून दिली. तिने ती चारदोनदा छेडली, मग बर्लच्याच हातात दिली, मला म्हणाली, शनिवारी वाजवतोस तसा वाजव, आणि आपण अंगणातून चालत पार अक्रोडाच्या झाडापर्यंत गेली. तिथे पाठमोरी उभी राहिली. परत आली ती एवढंच बोलली, की रॉइस ऐकू आला. बर्लला ते झोंबलं. लहान गिटार ही घरात सोफ्यावर बसून वाजवायची चीज आहे, हॉलमध्ये न्यायची नाही, असं त्याने सुनावलं. मग सोफ्याबरोबरच विकत जा, असं म्हणून वर्ला ट्रकमध्ये चढली.

एमरी सेजकडची गोष्ट वेगळी होती. त्याच्या गिटारीच्या दांडीवर शिंपल्याची वेल चढवलेली असते आणि गिऱ्हाइकं विमानाने येतात. त्याची गिटार वर्लाने मांडीवर घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. आवाज मधासारखा. मलाही वाटलं, झालं, इथेच संपलं. मग मी बँजो सुरू केला आणि वर्लाने शनिवारचा हात लावला. तिचा हात जड आहे. पन्नास जोड्यांचे बूट फळ्यांवर आपटत असतात, त्यांच्यावरून पलीकडे जाणारा हात आहे तो. प्रत्येक फटक्याला एमरीचे डोळे मिटत होते. ते तिने पाहिलं. गिटार पुसून त्याच्या हाती देत ती म्हणाली, "एमरी, इतकी देखणी गिटार मी मांडीवर घेतली नव्हती. पण माझ्याकडे तिला फार काम पडेल."

मला वाटलं ती हिरमुसली असेल. छे. परतताना तिने वाटेत गाडी थांबवून हॅम-बिस्किटं, म्हणजे डुकराचं मांस भरलेले मऊ पाव, घेतली, एक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, आता मला काय नको ते नीट कळलं, उद्या लोरेनाकडे.

लोरेना फिप्स ओढ्याकाठी राहते. फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने वडिलांचं तंबाखू वाळवायचं कोठार साफ केलं आणि तिथे गिटारी करायला लागली. बाई गुणी, पण जीभ रंध्यासारखी. मी बँजोची पेटी घेऊन आत शिरलो तशी ती म्हणाली, ते बाहेर राहू दे. वर्लाने सांगितलं, की शनिवारी मला याच्याच शेजारी बसायचं असतं, याला बाहेर ठेवता आलं असतं तर मी कधीच ठेवला असता. लोरेनाला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं.

विकायला तिच्याकडे काहीच नव्हतं. सगळ्या गिटारी कुणाच्या ना कुणाच्या नावाच्या, आणि नवी हवी तर दोन वर्षं थांबायची. वर्ला तोवर भिंतीकडे बघत होती. तिथे एक लहानखुरी गिटार टांगली होती. कंबर बारीक, पण बाजू चांगल्या खोल, आणि जिथे दंड टेकतो तिथली कड तासून उतरती केलेली. पुढच्या फळीवर एक काळसर पट्टा तिरपा गेलेला. वर्लाने न विचारताच ती उतरवली आणि मांडीवर घेतली. तिचा दंड त्या उतारावर असा जाऊन बसला, की मी बँजो काढायचाच विसरलो.

"ती माझी आहे," लोरेना म्हणाली. "स्वतःसाठी केलीय. विकायची नाही."

"रोज वाजवतेस?"

"रोज नाही."

"महिन्यातून?"

लोरेनाने हातातली कानस खाली ठेवली. "तुझं काय जातं?"

"काही नाही. सुरात आहे, पण तारांवर गंज आहे, म्हणून विचारलं."

एवढ्यावर लोरेनाने आम्हाला हाकलूनच दिलं असतं, पण वर्ला बोलत राहिली. आवाज न चढवता, शाळेत जेवण वाढताना पोरांशी बोलायची तशी. खांद्याचं सांगितलं. माइकचं सांगितलं. मग पैज लावली. शनिवारी लोरेनाने ही गिटार स्वतः हॉलवर आणायची. वर्ला ती वाजवेल. फिडल, बँजो आणि बूट यांच्या वरून ती दारापर्यंत ऐकू आली, तर विकायची. नाही आली, तर वर्ला दुसऱ्या दिवशी भांडी आवरल्यासारखी गिटार आवरून ठेवेल आणि जन्मभर नुसती गाईल. लोरेना म्हणाली, तुझ्या गाण्याशी मला काय करायचंय. पण येईन.

शनिवारी ती आली. गिटार पोटाशी धरलेली, तारा नव्या. वेड आपल्या खुर्चीवर होता. डॉर्सी बहिणीला बाजूला घेऊन समजावायला लागला, की उगाच खांद्याला त्रास होईल, लोक काय म्हणतील, वेडला काय वाटेल.

वर्लाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "डॉर्सी, मी नऊ वर्षांची असताना तू मला गिटार शिकवलीस. तेव्हा तू मला विचारलं होतंस, वाजवशील का म्हणून. आताही विचारायचं होतंस."

डॉर्सीने फिडलच्या खुंट्या उगाच पिळल्या. वेडला बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. वर्लाने त्याला उठू दिलं नाही. आणखी एक खुर्ची ओढली, माझ्या डाव्या हाताला बसली आणि डॉर्सीला म्हणाली, चल, सुरू कर.

पहिल्या दोन-चार आवर्तनांत मलाही खात्री नव्हती. मग तिचा हात तापला. ती गिटार ओरडत नाही, ठोके देते. खालचा सूर फळ्यांखालून येतो आणि पायाच्या तळव्याला लागतो. नाचणाऱ्यांची रांग दोनदा वाकडी झाली होती ती सरळ झाली. तिचा दंड उतारावर निवांत होता आणि ओठ मोकळा. डॉर्सीने आपोआप लय चढवली, एकट्या वेडबरोबर कधी चढवली नव्हती इतकी, आणि ती जराही मागे पडली नाही.

लोरेना दारात हाताची घडी घालून उभी होती. तिसऱ्या गाण्याला ती जागेवर दिसेना. वर्लानेही ते पाहिलं असणार, पण तिने हात ढिला केला नाही. गाणं संपल्यावर गिटार मांडीवर उभी धरून ती दाराकडे बघत राहिली. लोरेना बाहेरून आली. चिखलाने बूट भरलेले. ती पार रस्त्यापर्यंत, डाकेच्या पेट्यांपर्यंत गेली होती.

"दांडी थोडी घासावी लागेल," ती म्हणाली. "तुझा अंगठा अडतोय."

"तिथपर्यंत ऐकू आली?"

"आली म्हणून तर अंगठा अडलेला कळला."

किंमत त्या दोघींनी बाहेरच्या पायरीवर बसून ठरवली. ती मला आजवर कळलेली नाही, आणि मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही. पुढच्या आठवड्यात दांडी घासून झाली. वेडने आपणहून सांगितलं, की मी वर्लाच्या पलीकडे बसतो, मला तिचा उजवा हात बघायचाय. आता आमच्याकडे दोन गिटारी आहेत, आणि डॉर्सी येईल त्याला सांगतो, की हल्ली फिडल ऐकायला कुणी उरलंच नाही. तक्रार करताना तो इतका खूश असतो, की ऐकणाऱ्याला कळत नाही सांत्वन करावं की अभिनंदन.

लोरेना अधूनमधून शनिवारी येते. नाचत नाही. वर्ला तिच्यासाठी घेवड्याच्या भाजीचा डबा आणि मक्याचा ब्रेड आणते, लोरेना तो मधल्या सुट्टीत पायरीवर बसून खाते आणि गिटारीची फळी बोटाने ठोकून बघते. गेल्या महिन्यात बर्ल टॉलिव्हरही येऊन गेला. बराच वेळ मागे उभा होता. जाताना त्याने लोरेनाला विचारलं, की बाजू किती खोल ठेवल्यास. लोरेनाने त्याला सांगितलं, की वर्लाला विचार, ती गिऱ्हाईक आहे, तिला सगळं कळतं. वर्ला तेव्हा खुर्चीवर बसून खुंट्या पिळत होती. तिने मान वर न करता बर्लला सांगितलं, की थांब, अजून चार गाणी व्हायचीत.