अक्कांच्या तीन प्रती

कोड साठवायला फुकट जागा देणाऱ्या वेबसाइटवर अक्कांनी आपल्या कोडची एक ओळही कधी ठेवली नाही. "जागा देणारा उद्या कुलूप लावील, मग काय करशील रं?" असं त्या मला विचारायच्या. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्या लॅब असिस्टंट होत्या आणि मी कंत्राटी शिक्षक. प्रॅक्टिकल परीक्षांचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकटीनं, सहा-सात वर्षं खपून लिहिला होता.

त्याच्या तीन प्रती असत. एक लॅबमधल्या कॉम्प्युटरवर, एक पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये आणि तिसरी रहिमतपूरला, भावाच्या घरी ज्वारीच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या जुन्या मशीनवर. इकडे एक ओळ बदलली की ती तिन्हीकडे पोचलीच पाहिजे. दर शनिवारी त्या भावाला फोन लावायच्या, "दादा, मशीनचा दिवा हिरवा हाय न्हवं?" दादा फौजेतून आलेला, तो शिस्तीत उठून बघून यायचा. एवढा खटाटोप कशाला, म्हणून मी एकदा हसलो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "माझी आजी दुसऱ्यांच्या विहिरीवर घागर घिऊन बसायची. कुणी वरनं वतलं तर पाणी. मला न्हाई बसायचं." त्यानंतर मी हसलो नाही.

नोंदींच्या बाबतीत त्या फार कडक. कोणता बदल कुणी केला, कधी, कशासाठी, हे लिहिल्याशिवाय त्या प्रोग्रॅममध्ये काही घेत नसत. मी साधा स्वल्पविराम सुधारला तरी तिथं माझं नाव लागायचं.

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कॉलेजात शिरलं, लॅब बुडाली आणि अक्कांचा लॅपटॉपही भिजून बंद पडला. अक्कांनी रहिमतपूरच्या प्रतीवरून एका दुपारीत सगळं पुन्हा उभं केलं. पुढे तपासणी समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांना तो प्रोग्रॅम एकदम संस्थेचा वाटू लागला. मला बोलावून म्हणाले, "जुन्या नोंदी काढून टाका. असिस्टंटचं नाव बरं दिसत नाही. तुमचं घाला." आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्या माणसावर तरी किती चिडू? नोंदी पुसल्या मी. नोकरी कायम होईल या आशेनं, चहा पिता पिता, पाच मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या लॅपटॉपनं लॅबमधली प्रत घ्यायला नकार दिला. दोन्हीकडच्या नोंदींचा इतिहास जुळत नव्हता. त्यांनी पाहिलं आणि त्या समजल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी राजीनामा दिला, मला दिलेला रहिमतपूरच्या मशीनवरचा प्रवेश बंद केला आणि त्या निघून गेल्या. समितीनं माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली, याचा संताप अजून गेलेला नाही.

मी कायम झालो. मग एका परीक्षेच्या सकाळी प्रोग्रॅम अडला. "त्या बाईंना विचारा," प्राचार्य म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. मी लाज गिळून फोन केला. "अक्का, आवं, मार्क सेव्ह हुईनात."

त्यांनी चार ओळी सांगितल्या. मी टाईप केल्या आणि प्रोग्रॅम चालू झाला.

"पोरांची परीक्षा हाय म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता खाली नोंदीत तुझंच नाव लाव. सवय हाय की तुला."

मी लावलं.