रशियन माणसाची चटई

परवा रद्दीच्या दुकानात जुन्या रशियन पुस्तकांच्या डिंकाचा तो वास आला आणि मी तो ढीग उपसू लागलो. नव्वद साली इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा मी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होतो आणि तिथल्या खैतान वस्तीतल्या खोलीत माझ्यासोबत मालवणकडचा एक सुतार राहायचा. त्याच्याकडे एकच मराठी पुस्तक होतं, रशियाहून छापून आलेलं, एका रशियन निसर्गशास्त्रज्ञाचं चरित्र. हा माणूस बंदूक न घेता परक्या बेटावर उतरला. माणसं भाले रोखून आली, तेव्हा त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, चटई पसरली आणि सरळ झोपून गेला. कुणी त्याला हात लावला नाही. सुताराला ते पान पाठ होतं. एका दुपारी तीन सैनिकांनी लाथांनी आमचं दार फोडलं. बंदुकीचा पहिला दस्ता माझ्या तोंडावर बसला, दोन दात जिभेवर आले. सुताराने शांतपणे चपला काढल्या आणि तो चटईवर आडवा झाला. "गप पडान रव," तो मला म्हणाला, "निजलेल्याक कोण मारणा नाय." पण त्याचे उघडे तळवे नेमके सैनिकासमोर आले, आणि अरबाला तळवे दाखवणं म्हणजे थोबाडीत मारणंच. सैनिक किंचाळला. दस्ता त्या तळव्यांवर पडत राहिला, हाडं वाजेपर्यंत, आणि वाजायची थांबल्यावरही. त्या टाचांचा एक्स-रे मीच काढला. परवा त्या ढिगात तेच चरित्र सापडलं, ते पान मी दुकानात उभ्यानेच तीनदा वाचलं. झोपताना त्या रशियन माणसाचे पाय कुणाकडे होते, ते पुस्तक लिहिणाऱ्या हरामखोरांनी कुठेच लिहिलेलं नाही.