कोपराएवढा गोबरा

आज बंदरावर भागीरथीमावशीच्या टोपलीत वीतभर गोबरे मासे दिसले आणि माझं डोकं फिरलं. कोपरापासून बोटांपर्यंत भरला नाही, तर आमच्याकडे गोबरा परत पाण्यात सोडतात. तोवर त्याची वीण झालेली नसते.

"भागीरथी, ही पोरां खयली गो?" बाबांनी विचारलं.

"राखीव खडकावरची. भायल्या बोटीन जाळां मारल्यान. तू बस हातान मोजीत!"

तो खडक राखीव झाला, तिथली मासेमारी बंद झाली, तेव्हा बाबांना मीच समजावलं होतं. तिथे मासा वाढला की बाहेर पसरेल, आपल्यालाही मिळेल. तसं होऊही लागलं होतं. खडकाबाहेर मोठे गोबरे पुन्हा गळाला लागत होते. ज्यांच्या मासळीवर मी घरातला पहिला पदवीधर झालो, त्या बाबांनी माझ्या शब्दावर पोटाला चिमटा घेतला. राखीव ठरवणाऱ्या सरकारी लोकांनी मात्र राखण ठेवलीच नाही.

बाबांनी टोपलीतला एक गोबरा कोपराला लावून पाहिला. तो मनगटापर्यंतही पोचला नाही. त्यांनी तो हळूच परत ठेवला.

"उद्या आपणही तिथेच जाऊ," मी म्हणालो.

पहाटे त्यांची होडी नेहमीसारखी खडकाला लांबून वळसा घालून गेली. बाबांचा आला तेवढा राग मला त्या परक्या बोटीचाही आला नव्हता.